विश्लेषण : सही केली म्हणजे संमती दिली? करार कायदा ‘एलएलएम’ला पुन्हा का शिकावा लागतो?

नोकरीत रुजू होताना भरून दिलेला बाँड, सदनिका घेताना बिल्डरने पुढे केलेला करारनामा, मोबाइलवर नवे ॲप सुरू करण्याआधी दाबलेले ‘मान्य आहे’चे बटण. तिन्ही ठिकाणी अटी एका बाजूने लिहिलेल्या असतात आणि दुसऱ्या बाजूला फक्त सही करायची असते. अशा सहीला कायद्याने खरी संमती मानावी का, हा प्रश्न कायद्याच्या पदव्युत्तर वर्गांत अनेक दशके चर्चिला जातो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँक प्रकरणात नोकरीचा बाँड वैध ठरवला आणि वर्गातला हा प्रश्न नोकरदारांच्या घरापर्यंत पोहोचला. दीडशे वर्षांपूर्वीचा करार कायदा याचे काय उत्तर देतो, न्यायालयांनी त्यात काय भर घातली आणि ‘एलएलएम’चे विद्यार्थी हा विषय पुन्हा नव्याने का अभ्यासतात, याचा आढावा.

पदवीला शिकलेलाच विषय पुन्हा का?

एलएलबीच्या सुरुवातीच्या सत्रांतच करार कायदा शिकवला जातो. प्रस्ताव म्हणजे काय, स्वीकृती कधी पूर्ण होते, मोबदला कशाला म्हणायचे, अल्पवयीन व्यक्तीशी केलेला करार का टिकत नाही, हे विद्यार्थी तिथे शिकतात. मोहोरी बीबी प्रकरणातील १९०३ चा प्रिव्ही कौन्सिलचा निकाल किंवा इंग्लंडमधील कार्बोलिक स्मोक बॉल कंपनीचे जाहिरातीचे प्रकरण हे याच टप्प्यावरचे धडे. पदवीच्या पातळीवर विचारला जाणारा प्रश्न साधा असतो : दिलेल्या परिस्थितीत करार झाला की नाही?

पदव्युत्तर पातळीवर प्रश्न बदलतो. करार झाला हे गृहीत धरून, राज्यसंस्थेने आपली न्यायालये आणि जप्तीची यंत्रणा वापरून तो अमलात का आणावा, असे तिथे विचारले जाते. त्याचे उत्तर अभ्यासकांनी वेगवेगळे दिले आहे. अमेरिकी अभ्यासक चार्ल्स फ्राइड यांच्या मते दिलेला शब्द पाळणे हे नैतिक कर्तव्य आहे आणि करार कायदा त्यावरच उभा आहे. लॉन फुलर आणि विल्यम पर्ड्यू यांनी १९३६ मध्येच वेगळी मांडणी केली होती. समोरच्याने शब्दावर विसंबून जे गमावले, त्याचे रक्षण करणे हाही कायद्याचा हेतू आहे, हे त्यांनी दाखवले. ब्रिटिश अभ्यासक पॅट्रिक अटिया यांनी करार स्वातंत्र्याच्या कल्पनेचा उदय आणि ऱ्हास १९७९ च्या ग्रंथात तपासला. फ्रेडरिक केसलर यांनी तर १९४३ मध्येच मोठ्या कंपन्यांचे छापील करार म्हणजे खासगी कायदे करण्यासारखे आहे, असा इशारा दिला होता. हे वाद पुस्तकी वाटले तरी बाँडच्या दाव्यात न्यायाधीशांपुढे नेमके हेच प्रश्न येतात.

१८७२ चा कायदा काय सांगतो?

भारतीय करार कायदा १ सप्टेंबर १८७२ रोजी लागू झाला. मूळ मसुदा इंग्लंडमध्ये बसलेल्या विधी आयोगाने केला होता. व्हाइसरॉयच्या परिषदेतील विधी सदस्य जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांच्या कारकीर्दीत तो मंजूर झाला. सुरुवातीला त्यात २६६ कलमे होती. मालाच्या विक्रीसंबंधीची कलमे १९३० मध्ये, तर भागीदारीची कलमे १९३२ मध्ये स्वतंत्र कायद्यांत गेली. बाकी चौकट आजही तीच आहे.

कलम १० नुसार सक्षम व्यक्तींनी, मुक्त संमतीने, कायदेशीर मोबदल्यासाठी आणि कायदेशीर उद्देशाने केलेला ठराव हा करार ठरतो. कलम १४ मध्ये मुक्त संमतीची व्याख्या आहे. बळजबरी, अनुचित प्रभाव, फसवणूक, दिशाभूल करणारी माहिती किंवा चूक यांमुळे दिलेली संमती मुक्त मानली जात नाही. कलम २३ नुसार सार्वजनिक धोरणाच्या विरोधात जाणारा ठराव रद्दबातल ठरतो.

या यादीत एक गोष्ट नाही, ती म्हणजे गरज. नोकरी हवी म्हणून, घराचे हप्ते सुरू झाले म्हणून किंवा दुसरा पर्यायच नाही म्हणून केलेली सही ही कलम १४ च्या पाच दोषांपैकी कशातही थेट बसत नाही. अनुचित प्रभाव सिद्ध करायचा तर समोरचा आपल्या इच्छेवर वर्चस्व गाजवण्याच्या स्थितीत होता आणि त्याने त्या स्थितीचा गैरफायदा घेतला, हे दोन्ही दाखवावे लागते. छापील अर्जावर सही करणाऱ्याला हे दाखवणे अवघड जाते. पदव्युत्तर अभ्यासाचा मोठा भाग याच रिकाम्या जागेभोवती फिरतो.

कलम २७ भारतात आले कुठून?

नोकरीच्या बाँडचा वाद ज्या कलमाभोवती आहे, त्याचा इतिहास रंजक आहे. कोणालाही कायदेशीर पेशा, व्यापार किंवा व्यवसाय करण्यापासून रोखणारा ठराव तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो, असे कलम २७ सांगते. मुख्य अपवाद एकच, तो म्हणजे धंद्याची पत विकताना विक्रेत्यावर घातलेली मर्यादा. इंग्लंडचा कायदा असा नाही. तिथे ‘वाजवी’ निर्बंध चालतात. हे कलम घेतले गेले ते अमेरिकी विधिज्ञ डेव्हिड डडली फील्ड यांनी न्यूयॉर्कसाठी तयार केलेल्या संहितेच्या मसुद्यातून. न्यूयॉर्कने ती नागरी संहिता कधी स्वीकारलीच नाही. कॅलिफोर्नियाने मात्र १८७२ मध्येच स्वीकारली.

त्यामुळे भारत आणि कॅलिफोर्निया यांचा या बाबतीतील कायदा एकाच मुळाचा आहे. एका कंपनीतून उठून शेजारच्या स्पर्धक कंपनीत जाता येणे, हे सिलिकॉन व्हॅलीच्या भरभराटीचे एक कारण असल्याचे मत काही अमेरिकी अभ्यासकांनी मांडले आहे. तुलनात्मक कायद्याच्या वर्गात हे उदाहरण हमखास उपयोगी पडते. भारतात या कायद्यावरील सर्वाधिक वापरला गेलेला टीकाग्रंथ १९०५ मध्ये इंग्लंडचे फ्रेडरिक पोलॉक आणि मुंबईचे दिनशा मुल्ला यांनी लिहिला. तो आजही वकिलांच्या कपाटात असतो.

नोकरी सुरू असताना आणि सोडल्यावर, फरक काय?

न्यायालयांनी कलम २७ चा अर्थ लावताना एक रेषा आखली. ती १९६७ मधील सेंच्युरी स्पिनिंग प्रकरणात ठळक झाली. कल्याण येथील कारखान्यात टायर कॉर्डचे सूत तयार करण्याचे तंत्र परदेशी कंपन्यांकडून घेतले गेले होते. प्रशिक्षण घेतलेल्या एका पर्यवेक्षकाने पाच वर्षांचा करार केला होता. मुदत संपण्याआधीच तो राजस्थानातील प्रतिस्पर्धी कंपनीत गेला. कराराच्या मुदतीत दुसरीकडे तेच काम करू नये, ही अट सर्वोच्च न्यायालयाने वैध मानली.

मुदत संपल्यानंतरच्या बंधनांबाबत भूमिका उलटी राहिली. १९८० मधील सुपरिटेंडन्स कंपनी प्रकरणात नोकरी सोडल्यानंतर स्पर्धक व्यवसाय करू नये, ही अट टिकली नाही. क्रिकेटपटू झहीर खान यांचे प्रकरण त्याच वळणाचे. श्रीरामपूरच्या या वेगवान गोलंदाजाचा एका व्यवस्थापन कंपनीशी तीन वर्षांचा करार होता. मुदत संपल्यावर दुसऱ्या कंपनीचा प्रस्ताव आला तर तो आधी आपल्याला दाखवावा आणि तेवढीच रक्कम देण्याची संधी आपल्याला मिळावी, असा त्या कंपनीचा आग्रह होता. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला. करार संपल्यानंतरही खेळाडूला बांधून ठेवणारी अट कलम २७ च्या कक्षेत येते, असे न्यायालयाने म्हटले.

विजया बँक प्रकरणात काय घडले?

बँकेने २००६ मध्ये अधिकारी भरतीची जाहिरात दिली. निवड झालेल्याने किमान तीन वर्षे सेवा करावी, त्याआधी सोडल्यास दोन लाख रुपये भरावेत, अशी अट होती. एक अधिकारी २००७ मध्ये वरिष्ठ व्यवस्थापक पदावर रुजू झाला आणि दोन वर्षे पूर्ण होण्याआधी, जुलै २००९ मध्ये, दुसऱ्या बँकेत जाण्यासाठी त्याने राजीनामा दिला. हरकत नोंदवून त्याने दोन लाख भरले आणि अटीला आव्हान दिले. कर्नाटक उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. विजया बँक स्वतः त्याआधीच, एप्रिल २०१९ मध्ये, बँक ऑफ बडोदात विलीन झाली होती.

न्यायालयाच्या मते ही अट नोकरी सोडल्यानंतर कुठे काम करावे यावर बंधन घालत नाही. ती नोकरीच्या मुदतीपुरती आहे, म्हणून कलम २७ चा भंग होत नाही. अट सार्वजनिक धोरणाविरुद्धही नाही, कारण सरकारी बँकांना खुल्या जाहिरातीतूनच भरती करावी लागते, ती खर्चिक आणि वेळखाऊ असते आणि अनुभवी माणसे मध्येच गेल्यास काम अडते. संबंधित अधिकारी वरिष्ठ पदावर, चांगल्या वेतनावर होता. दोन लाखांची रक्कम राजीनामा देणेच अशक्य व्हावे इतकी मोठी नव्हती, हेही न्यायालयाने नोंदवले.

या निकालाची दुसरी बाजू कमी चर्चिली गेली. छापील नमुन्यातील करार हे दोन्ही बाजूंच्या असमान ताकदीचे प्रथमदर्शनी लक्षण असते, हे न्यायालयाने मान्य केले. शिवाय बंधनकारक अट कायदेशीर आहे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे, कर्मचाऱ्यावर नाही, असेही स्पष्ट केले.

म्हणजे बाँडमध्ये कोणतीही रक्कम लिहिता येते का?

नाही. ‘बाँड वैध ठरला’ एवढा मथळा वाचून मालकांनी किंवा कर्मचाऱ्यांनी निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. करारात नुकसानभरपाईची रक्कम आधीच लिहिली असेल, तर कलम ७४ लागू होते. त्यानुसार लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. न्यायालय तिच्या आत राहून ‘वाजवी भरपाई’ देते.

इंग्लंडच्या जुन्या कायद्यात खरा अंदाज म्हणून लिहिलेली भरपाई आणि धाक घालण्यासाठी लिहिलेला दंड असा भेद होता. भारतीय कायद्याने तो गुंता टाळला, असे १९६३ मध्ये फत्तेचंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. २००३ मधील ओएनजीसी विरुद्ध सॉ पाइप्स प्रकरणात मात्र नुकसान मोजणे कठीण असेल तेव्हा दोघांनी आधी ठरवलेल्या रकमेला महत्त्व दिले गेले. पुढे २०१५ मध्ये कैलाश नाथ प्रकरणात दिल्ली विकास प्राधिकरणाने जप्त केलेली अनामत रक्कम परत करण्याचा आदेश झाला. नुकसानच झाले नसेल तर भरपाई कसली, हा त्यामागचा विचार.

या तीन निकालांची एकमेकांशी सांगड कशी घालायची, हा ‘एलएलएम’च्या शोधनिबंधांचा आवडता विषय आहे. नोकरदाराच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की, प्रशिक्षणावर प्रत्यक्ष खर्च झाला का, नव्या भरतीसाठी किती खर्च आला, मुदतीपैकी किती काळ सेवा झाली, हे मुद्दे मांडता येतात. काहीही प्रशिक्षण न देता केवळ धाक म्हणून लिहिलेली मोठी रक्कम आणि परदेशात पाठवून दिलेल्या प्रशिक्षणाचा खर्च यांत न्यायालय फरक करू शकते.

एकतर्फी अटींविरुद्ध न्यायालये कुठवर गेली?

१९८६ मधील सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशनचे प्रकरण हा या वाटेवरचा सर्वात मोठा टप्पा. कोलकात्याच्या या सरकारी महामंडळाच्या नियमानुसार तीन महिन्यांची नोटीस किंवा तेवढा पगार देऊन कायम कर्मचाऱ्याला कारण न सांगता काढता येत असे. जुन्या कंपनीतून आलेल्यांपुढे हे नियम मान्य करणे किंवा किरकोळ भरपाई घेऊन घरी बसणे एवढेच पर्याय होते. सर्वोच्च न्यायालयाने हा नियम कलम २३ खाली सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध ठरवला. निकाल लिहिणारे न्या. दि. पि. मदन हे मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश. १९७० च्या भिवंडी-जळगाव दंगलींच्या चौकशी आयोगामुळे त्यांचे नाव महाराष्ट्राला परिचित होते.

ताकदीत प्रचंड तफावत असताना, पर्याय नसलेल्या माणसाने ठिपक्यांच्या रेषेवर केलेली सही न्यायालय डोळे झाकून अमलात आणणार नाही, हे या निकालाचे सार. पण दोन्ही बाजू तुल्यबळ असतील किंवा दोघेही व्यापारी असतील तर हे तत्त्व लागू होणार नाही, अशी मर्यादाही त्यातच घातली गेली.

ग्राहकांच्या बाबतीत गाडी पुढे गेली. एप्रिल २०१९ मध्ये पायोनियर अर्बन लँड प्रकरणात गुरुग्राममधील सदनिकेच्या कराराची छाननी झाली. ग्राहकाने हप्ता उशिरा भरला तर १८ टक्के व्याज, बिल्डरने ताबा न दिल्यास परताव्यावर अवघे ९ टक्के, अशा अटी त्यात होत्या. अशा एकतर्फी अटी ग्राहकावर बंधनकारक नाहीत, त्या अनुचित व्यापारी प्रथा ठरतात, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने दिला. ‘रेरा’ कायद्याने तर दोन्ही बाजूंना व्याजाचा दर समान केला आहे.

मग नोकरदाराला तेच संरक्षण का नाही?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘अनुचित करारा’ची स्वतंत्र व्याख्या आली. अवाजवी अनामत, नुकसानाच्या मानाने अतिरेकी दंड, कर्ज मुदतीआधी फेडण्यास नकार, कारणाविना एकतर्फी करार संपवण्याचा अधिकार अशा अटींविरुद्ध राज्य किंवा राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. पण ही दाद ग्राहकालाच आहे. नोकरी हा वैयक्तिक सेवेचा करार असल्याने कर्मचारी मालकाविरुद्ध ‘ग्राहक’ म्हणून जाऊ शकत नाही.

कामगार कायद्यांचे संरक्षण प्रामुख्याने ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यांना मिळते. व्यवस्थापकीय पदावरचा तरुण त्यातून बाहेर राहतो. डिलिव्हरी किंवा टॅक्सीच्या ॲपवर काम करणाऱ्याला तर कंपन्या ‘भागीदार’ म्हणतात. म्हणजे बाँड लिहून देणारा अभियंता किंवा ॲपच्या अटी मान्य करणारा चालक यांच्या हाती उरतात ती १८७२ च्या कायद्याची जुनी कलमे.

ही उणीव कायदे करणाऱ्यांच्या लक्षात आली नव्हती असे नाही. विधी आयोगाने १९८४ मध्ये १०३ व्या अहवालात अन्यायकारक अटींसाठी करार कायद्यात नवे कलम घालण्याची शिफारस केली. २००६ मध्ये १९९ व्या अहवालात स्वतंत्र विधेयकाचा मसुदाच दिला. करार कसा झाला आणि करारात काय लिहिले आहे, या दोन्ही अंगांनी अन्याय तपासावा, असे त्यात सुचवले होते. त्याचा कायदा झाला नाही.

इतर देशांनी काय केले?

इंग्लंडमध्ये लॉर्ड डेनिंग यांनी १९७४ मध्ये लॉइड्स बँक विरुद्ध बंडी प्रकरणात ‘वाटाघाटीच्या ताकदीतील असमानता’ हे एकच व्यापक तत्त्व मांडले. मुलाच्या धंद्यासाठी वृद्ध शेतकऱ्याने आपले घर बँकेकडे तारण ठेवले होते. १९८५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने या तत्त्वाला थारा दिला नाही. अशी मर्यादा घालणे हे संसदेचे काम आहे, अशी त्यांची भूमिका होती. संसदेने ते १९७७ च्या अनुचित करार अटी कायद्याने काही अंशी केलेही होते.

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये वेगळी वाट धरली. उबरच्या करारानुसार टोरांटोतील चालकाला तक्रार करायची तर नेदरलँड्सच्या कायद्याखाली लवादाकडे जावे लागे आणि त्यासाठी सुरुवातीलाच सुमारे १४ हजार ५०० अमेरिकी डॉलर भरावे लागत. ही त्याच्या वर्षभराच्या कमाईतील मोठी रक्कम होती. ताकदीतील असमानता आणि त्यातून झालेला अन्यायकारक सौदा या दोन निकषांवर न्यायालयाने ही अट रद्दबातल ठरवली. न्यायालयाने पुढाकार घ्यावा की कायदेमंडळाची वाट पाहावी, हा भारतापुढचाही प्रश्न आहे.

ऊसतोडीच्या उचलीचा या तत्त्वांशी संबंध काय?

करार स्वातंत्र्याची चर्चा केवळ कार्यालयीन नोकरीपुरती ठेवली तर तिचे खरे टोक दिसत नाही. बीड आणि मराठवाड्यातील इतर भागांतून ऊसतोडीला जाणारी जोडपी हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतात. त्या पैशात दवाखाना, लग्न, जुने देणे भागते. हंगामात उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते. कागदोपत्री पाहिले तर प्रस्ताव आहे, स्वीकृती आहे, मोबदलाही आहे. संमती मात्र कितपत मुक्त आहे?

या प्रश्नालाही इतिहास आहे. ब्रिटिश काळात १८५९ च्या एका कायद्यानुसार आगाऊ रक्कम घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला फौजदारी शिक्षा होऊ शकत असे. म्हणजे १८७२ मध्ये मुक्त संमतीचा कायदा आला तेव्हा करार मोडणाऱ्या मजुराला तुरुंगात टाकणारा कायदाही अस्तित्वात होता. तो १९२५ मध्ये रद्द झाला. १९७६ मध्ये वेठबिगारी निर्मूलन कायदा आला. १९८२ मध्ये दिल्लीतील आशियाई स्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ मधील सक्तीच्या मजुरीचा अर्थ विस्तारला. भूक आणि दारिद्र्य यांतून येणारी आर्थिक विवशता ही देखील सक्ती असू शकते, असे न्यायालयाने मानले. करार कायद्याच्या कलम १४ मध्ये नसलेली ‘गरज’ घटनेच्या वाटेने अशी आत आली. एकच व्यवहार करार कायद्याच्या नजरेतून आणि घटनेच्या नजरेतून वेगळा दिसतो, हे ओळखणे हेच पदव्युत्तर अभ्यासाचे काम.

‘एलएलएम’ला हा विषय कसा निवडता येतो?

राष्ट्रीय विधी विद्यापीठांत ‘एलएलएम’ साधारणपणे एक वर्षाचा, तर पारंपरिक विद्यापीठांत बहुधा दोन वर्षांचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१३ पासूनच्या एक वर्षाच्या आराखड्यात संशोधन पद्धती, तुलनात्मक सार्वजनिक कायदा आणि जागतिकीकरणातील न्याय हे विषय अनिवार्य आहेत. करार कायदा त्यात नाही. तो व्यापारी किंवा कॉर्पोरेट कायद्याच्या विशेष गटातून येतो. त्यामुळे घटनात्मक किंवा कामगार कायद्याकडे वळणारे विद्यार्थी अनेकदा तो पुन्हा वाचतच नाहीत आणि कॉर्पोरेट गटातले विद्यार्थी त्याच्याकडे कंपन्यांच्या बाजूनेच पाहण्याचा धोका राहतो. प्रवेशासाठीच्या ‘क्लॅट’ परीक्षेत मात्र घटनेबरोबर करार कायद्यावरही प्रश्न येतात.

एका वर्षात सिद्धांत, तुलनात्मक निकाल आणि शोधनिबंध हे सारे बसवणे कठीण, अशी टीका होत असते. भारतीय विधिज्ञ परिषदेने जानेवारी २०२१ मध्ये अधिसूचित केलेल्या नियमांतून एक वर्षाचा अभ्यासक्रम बंद करण्याचे ठरवले. त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आणि २०२१-२२ या वर्षासाठी नियम लागू करणार नसल्याचे परिषदेने न्यायालयात सांगितले. राष्ट्रीय विधी विद्यापीठांत एक वर्षाचे वर्ग त्यानंतरही सुरू राहिले.

बाँडवर सही करण्यापूर्वी काय पाहावे?

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये कर्मचाऱ्यांना नियुक्तिपत्र देण्याची तरतूद आहे. त्यामुळे नोकरीच्या अटी कागदावर येण्याचे प्रमाण वाढेल आणि तो कागद वाचण्याची गरजही वाढेल. बाँडचा कालावधी किती, रक्कम किती, ती सेवेच्या प्रमाणात कमी होते का, प्रशिक्षण कोणते आणि त्याचा खर्च कुठे नमूद आहे का, नोकरी सोडल्यानंतरचे बंधन त्यात आहे का, वाद झाल्यास कोणत्या शहरात आणि कोणापुढे जावे लागेल, हे मुद्दे सहीपूर्वी पाहता येतात. सही केलेल्या कागदाची प्रत स्वतःजवळ ठेवणे आणि रक्कम भरावी लागलीच तर हरकत लेखी नोंदवणे हेही महत्त्वाचे. विजया बँक प्रकरणातील अधिकाऱ्याने हरकत नोंदवूनच पैसे भरले होते.

अन्यायकारक अटींबाबतचा स्वतंत्र कायदा होत नाही तोवर प्रत्येक बाँड, प्रत्येक ॲप-करार न्यायालयात एकेक करून तपासला जाईल. ती लढाई खर्चिक आहे. विजया बँक प्रकरणात राजीनाम्यापासून अंतिम निकालापर्यंत जवळपास १६ वर्षे गेली आणि वाद दोन लाख रुपयांचा होता. बहुतेक नोकरदार एवढी वाट पाहू शकत नाहीत, म्हणून ते पैसे भरून मोकळे होतात. अटीची वैधता सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे, हे न्यायालयाने सांगितले आहे. तो भार न्यायालयाबाहेर, भरतीच्या टेबलावरही जाणवावा, यासाठी कायदेमंडळाला १९९ व्या अहवालातील मसुद्याकडे परत यावे लागेल.